घोडं कुठं अडलंय?

भीमथडीच्या तट्टाला 'जात' म्हणून सरकारी मान्यता मिळाली. बातम्या झाल्या, फोटो झाले. पण जात टिकवायची म्हणजे रोज सकाळी उठून नेमकं काय करायचं? सुप्याजवळच्या एका मुरमाड माळावर काढलेला हा वीकेंड.

सोमवारच्या मीटिंगमध्ये काम रखडलेलं दिसलं की बॉस विचारतो, 'घोडं कुठं अडलंय?' टीममध्ये नुसतीच डोकी वाढवली की आपण तिला खोगीरभरती म्हणतो. वडापाव कोंबला की तोंडाचा तोबरा होतो. क्रेडिट कार्डाला पायबंद, जिभेला लगाम आणि डेडलाइन उलटून गेल्यावर वरातीमागून घोडं. दिवसभरात आपल्या तोंडून निदान चार-पाच घोडी दौडत जातात.

आता खरं सांगा, खराखुरा घोडा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? माथेरानला? की मित्राच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर बिचकून उभी असलेली ती पांढरी घोडी? मुंबईकरांच्या व्हिक्टोरियाही गेल्या. हायकोर्टानं २०१५ मध्ये त्या बेकायदा ठरवल्या. भाषेत घोडी राहिली, रस्त्यावरची गेली.

मीही त्यातलाच. माझ्यासाठी 'भीमथडी' म्हणजे पुण्यात डिसेंबरात भरणारी जत्रा. चुलीवरचं मटण, भाकरी, खर्डा आणि येताना हौसेनं घेतलेली एक घोंगडी, जी पुढं वर्षभर गाडीच्या डिकीत पडून राहते. भीमथडी नावाचं घोडंही असतं, हे माहीत होतं ते एका गाण्यामुळे. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ मध्ये राज्यगीताचा दर्जा मिळाला, त्यात या तट्टांचा उल्लेख आहे. शाळेत ते गाणं बेंबीच्या देठापासून म्हटलं, पण ही तट्टं म्हणजे कोण, हे एकदाही विचारलं नाही.

विचारलं असतं तर कॉलेजातल्या माझ्या मित्रानं सांगितलं असतं. त्याच्या घरी ती पिढ्यानपिढ्या आहेत. तो स्वतः सोमवार ते शुक्रवार खराडीत कोड लिहितो आणि शनिवार-रविवार वडिलांबरोबर माळावर असतो. त्याचं नाव देत नाही, कारण या गोष्टीतली एक रजा त्यानं 'फॅमिली फंक्शन' सांगून टाकली आहे. आपण त्याला इंजिनिअर म्हणू.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. 'चिमणी माजावर येतेय आणि माझं नि अण्णांचं वाजलंय. तू ये यार. पाहुणा असला की निदान जेवताना तरी आम्ही बोलतो.'

चिमणी म्हणजे घोडी, हे मला तिथं पोचल्यावर कळलं.

फार्महाऊस? विसरा!

सोलापूर हायवेनं चौफुल्यापर्यंत जायचं (चौफुला म्हटल्यावर लगेच हसू नका) आणि उजवीकडे सुप्याचा रस्ता धरायचा. उसाची हिरवीगार शेतं हळूहळू मागं पडतात आणि उघडा माळ सुरू होतो. याच भागात मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारा हरणांसाठी राखलेलं. पावसाळ्यात माळावर हिरवी साय धरते, पण खाली सगळा मुरूम. दोन बोटं माती, मग खडक.

इंजिनिअरच्या घरची चौदा एकर जमीन आहे. ऐकायला भारी वाटतं ना? त्यातलं बोअरवर भिजतं दोन एकर. बाकी बारा एकरांत उगवतात हिवर, बोर, बाभळ आणि कुसळी गवत. डोळ्यासमोर मी एक कूल फार्महाऊस आणलं होतं. प्रत्यक्षात होती पत्र्याची एक शेड, सिमेंटचा हौद आणि शंभर वेळा गाठी मारलेली बाज.

आणि सहा घोड्या, एक नर, दोन शिंगरं.

पहिली प्रतिक्रिया सांगू? निराशा. सारंगखेड्याच्या यात्रेतले व्हिडिओ आपण पाहिलेले असतात. उंचेपुरे, चकाकते, बाजेवर नाचणारे मारवाडी घोडे. इथं समोर सव्वाचार फुटांची, तांबूस-तपकिरी, शेपटीत गोखरू अडकलेली जनावरं. जिन्स घातलेल्या या नव्या प्राण्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि खाली मान घालून पुन्हा चरायला लागली.

'तबेला कुठंय?' मी विचारलं.

अण्णा हसले. 'हा काय, बारा एकराचा.'

दिवसभर घोड्या मोकळ्या असतात. फार लांब भटकू नयेत म्हणून एखादीच्या पायांना दोर असतो. तोच मूळचा पायबंद! रात्री मात्र सगळी बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात, कारण हा लांडग्यांचा मुलूख आहे आणि महिन्याचं शिंगरू त्यांच्यासाठी फार मोठं नाही.

तट्टाची कुंडली

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा हा मुलूख म्हणजे भीमथडी; इंग्रजांच्या काळात पुणे जिल्ह्यात याच नावाचा तालुकाही होता. सतराव्या-अठराव्या शतकात इथल्या स्थानिक तट्टांचा अरबी आणि तुर्की घोड्यांशी संकर होत गेला आणि त्यातून हे घोडं घडलं. मराठा फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला सरकारी घोडा मिळायचा. दोघांनाही हवं होतं ते एकच: कमी खाणारं, घाट चढणारं, लांबचा पल्ला मारून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहणारं जनावर. दिसायला राजबिंडं नसलं तरी चालेल.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि फौजेची मागणी आटली. मग हे घोडं जगलं कुणामुळे? मेंढपाळ धनगरांमुळे. दिवाळीनंतर मेंढ्यांचे वाडे देशावरून कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंड्यांचं खत मिळावं म्हणून. पुरुष मेंढ्यांबरोबर चालतात आणि अख्खा संसार घोड्यावर लादून बायका पुढच्या मुक्कामाला निघतात. फौजेचं ओझं उतरलं आणि बिऱ्हाडाचं चढलं. पुढची दोनशे वर्षं हीच त्याची नोकरी.

ही जात आहे हे मात्र कागदावर यायला २०२३-२४ उजाडलं. देशातल्या पाळीव जनावरांच्या जातींची नोंद कर्नालचं राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो करतं. तिथं जात नोंदवायची तर तिचा मूळ प्रदेश, अंगाची मापं, रंग, उपयोग, इतर जातींपासूनचं वेगळेपण, सगळं दाखवावं लागतं. बारामतीकडची अश्वप्रेमींची संघटना आणि हिसारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र यांनी ते काम लावून धरलं आणि मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भूतिया या सात नावांपुढे आठवं नाव लागलं: भीमथडी.

टाळ्या वाजवण्याआधी एक आकडा बघा. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून जास्त घट. भीमथडी तर मान्यता मिळाली तेव्हा सगळी मिळून पाच हजारांच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या.

खुराक कमी, फिटनेस जास्त

संध्याकाळी हौदावर बसून मी अण्णांना विचारलं, 'अण्णा, असं काटक जनावर तयार कसं करतात?' प्रश्न ऐकून ते जरा गोंधळले. 'तयार कशाला करायचं? बिघडवायचं नाही, बास.'

ऐकायला डायलॉग वाटला तरी त्यामागं चोख शास्त्र आहे. अशी तट्टं निकृष्ट चाऱ्यावर जगायला घडलेली असतात. घोड्याला दिवसाला वजनाच्या साधारण २ टक्के कोरडा चारा पुरतो. माळावर तो मिळवायला त्याला दिवसभर चालावं लागतं. त्या चालण्यानं खूर झिजून आकारात राहतात, पाय भरतात, पोट साफ राहतं. हौसेपोटी याच घोडीला बांधून हरभरा-गुळाचा भरपूर खुराक लावलात, तर ती आधी चमकते, मग सुटते आणि मग लंगडते. खुराच्या आतल्या भागाला सूज येते, लॅमिनायटिस म्हणतात त्याला. आपलं कसं, डेस्क जॉब आणि स्विगी? डिट्टो तेच.

दुसरं पथ्य निवडीचं. अण्णांकडे नर शिंगरांपैकी क्वचितच एखादा राखला जातो. बाकीचे खच्ची करून ओझ्याला किंवा विक्रीला. राखायचा नर कसा निवडतात? रंग आणि भोवरे सगळे बघतातच, पण अण्णा आधी त्याची आई बघतात. ती उन्हाळ्यात किती उतरली, पाऊस पडल्यावर किती लवकर भरली, विताना त्रास झाला का, पोराबाळांत शांत उभी राहते का. 'लाथ मारणाऱ्या घोडीचं पोरगं मी ठेवत न्हाई. आमची पोरं पाठीवर झोपून कोकणात गेल्यात.'

तिसरं पथ्य वेळेचं. घोडी अकरा महिने गाभण राहते. आता माजावर आली आणि लागली, तर शिंगरू पुढच्या जुलैत, म्हणजे पाऊस पडून गवत वर आल्यावर. आईला दूध भरपूर आणि शिंगरू दिवाळीपर्यंत चालायला तयार. व्यायल्यानंतर आठ-दहा दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. अण्णा तो माज सोडून देतात, तिला सावरू देतात आणि पुढचा धरतात. चिमणी महिन्यापूर्वी व्यायली होती. एका रात्रीत, कुणाला न उठवता. सकाळी अण्णा कुंपणात गेले तेव्हा शिंगरू उभं राहून दूध पीत होतं.

चौथं पथ्य इंजिनिअरनं आणलं: वही. कुठली घोडी, आई कोण, बाप कोण, कधी व्यायली. अण्णांच्या डोक्यात सगळं पक्कं होतं, पण डोकं काही जातीच्या नोंदवहीला जोडता येत नाही! त्या वहीतूनच एक गोष्ट समोर आली. घरचा नर हा सहापैकी तीन घोड्यांचा बाप निघाला. चिमणीचासुद्धा. म्हणजे चिमणीसाठी नर बाहेरचाच हवा.

आणि वाजलं होतं ते इथंच.

बॉक्स: जगाच्या पाठीवर

*एक्समूर, इंग्लंड:* नैर्ऋत्य इंग्लंडच्या या उजाड माळावरची तपकिरी तट्टं दुसऱ्या महायुद्धानंतर पन्नासच्या आसपास उरली होती. मूठभर पाळणाऱ्यांनी ती वाढवली. आज त्यांना नवी नोकरी मिळाली आहे, निसर्ग राखायची. माजलेलं गवत आणि झुडपं खाऊन ती माळ मोकळा ठेवतात. चेक प्रजासत्ताकात मिलोवित्से इथल्या जुन्या लष्करी सराव क्षेत्रावर २०१५ पासून याच कामासाठी ती सोडली आहेत.

*मणिपूर:* आधुनिक पोलोचं मूळ इथल्या बुटक्या तट्टांच्या पाठीवर आहे. २००३ मध्ये १,८९८ असलेली ही तट्टं २०१२ मध्ये १,१०१ वर आली. चरायच्या पाणथळ जागा आक्रसल्या, हे एक मोठं कारण. राज्यानं २०१६ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं धोरण आणलं.

*धडा?* चरायला जागा आणि करायला काम. यातलं एक गेलं तरी तट्टू जातं.

पाच फुटी जावई

शेजारच्या गावातल्या एका हौशी बागायतदाराकडे मारवाडी नर आहे. पाच फुटांच्या पुढं उंच, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी, काळाभोर, एकदम फिल्मी. चिमणीला तो दाखवायचा, असं अण्णांच्या मनात होतं.

माझा अंदाज उलटा होता. मला वाटलं, मुलगा एक्सेल शीट काढून म्हणत असेल 'क्रॉस करू, पैसा आहे' आणि बाप परंपरा धरून बसला असेल. पण परंपरेचं प्रेम खराडीतल्या पगारावर परवडतं. अण्णांना परवडत नाही.

रात्री जेवताना त्यांनी हिशेब मांडला. भीमथडी शिंगरू विकलं तर पैसे पाच आकड्यांत. उंच क्रॉस शिंगरू, तेही जरा रंगानं उजवं निघालं, तर अकलूजच्या बाजारात लाखाची भाषा सुरू होते. बोअरचं कर्ज अजून फिटायचं आहे.

'पण अण्णा, आता मान्यता मिळालीये. किंमत येईल ना,' इंजिनिअर म्हणाला.

'कधी? मी गेल्यावर?' अण्णांनी भाकरी मोडली. 'कागदानं चारा येतो का? आरं, घोड्याचं काम संपलं. आता टेंपो हाय. लोकं घोडं घेत्यात ती दारात नाचवायला. मग नाचणारं देऊ की.'

इंजिनिअर गप्प. मीही गप्प, कारण अण्णांचं काही चुकत नव्हतं. आपण शहरात बसून 'देशी जाती वाचवा' ही पोस्ट फॉरवर्ड करतो, त्या वाचवण्याचा ईएमआय मात्र दुसरंच कुणीतरी भरत असतं.

आत्यांचा खांदा

रविवारी सकाळी आत्या आल्या. अण्णांची थोरली बहीण. उंची पाच फूट असेल-नसेल, कपाळभर कुंकू, हातात काठी. दर दिवाळीनंतर त्या अजूनही वाड्याबरोबर कोकणात उतरतात. दोन घोड्यांपैकी एक म्हातारी झाली आहे. त्यांना चिमणीचं पुढचं शिंगरू हवं होतं, ते सांगायला आल्या होत्या.

'आन् त्यो उंच नर लावणार आसशील तर मला नको,' त्यांनी येताक्षणी निकाल दिला.

काही वर्षांपूर्वी अण्णांनीच एक मारवाडी क्रॉस घोडी बहिणीला दिली होती. कौतुकानं. पुढं काय झालं ते आत्यांनी सांगितलं आणि मग, माझ्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नसावं असं वाटून, करून दाखवलं.

त्यांनी चिमणीला जवळ घेतलं. पाठीवर गोधडी टाकली, वर खोगीर. मग शेडमधलं एक पोतं उचललं, खांद्यावर घेतलं आणि नुसतं कलंडवलं. पोतं घोडीच्या पाठीवर. झालं. आत्यांचा खांदा आणि चिमणीची पाठ जवळजवळ एका रेषेत होती.

मी तिथं उभा होतो आणि माझ्या डोक्यात काहीतरी टकन् वाजलं. सव्वाचार फूट! सकाळपासून मी ज्याला 'बुटकं' म्हणत होतो, ते माप होतं. पहाटे अंधारात, पुरुषमाणसं मेंढ्यांमागं गेल्यावर, एकट्या बाईला पाल, भांडी, पीठ, मेंढ्यांभोवती लावायची वाघर, रात्री जन्मलेली कोकरं, सगळं लादून निघायचं असतं. रोज. पाच फुटी घोड्याच्या पाठीवर ओझं चढवायला दोन माणसं लागतात. ती दुसरी आणायची कुठून?

'शिवाय खायाला ह्ये एवढं,' आत्यांनी हात फैलावले. 'घाटात पाय थरथरायचं तिचं. एकदा वझ्यासकट बसली खाली. इकली शेवटी.' अण्णा जमिनीकडे बघत होते.

'पण आत्या, टेंपो आहे ना आता?' मी अण्णांचा मुद्दा पुढं केला.

'टेंपो डांबरावर थांबतो, बाबा. मेंढरं रानात बसत्यात. आन् वाटंत मेंढी व्याली तर टेंपो दम धरतो व्हय?'

मग जरा थांबून, मी न विचारलेला प्रश्नही त्यांनीच सोडवला. 'माझ्यामागं कोण चालणार, त्ये मात्र मला इचारू नगस. नातू कॉलेजात हाय. त्यो काय चालत न्हाई आता.'

नवी नोकरी शोधताना

खरी गोम ही आहे. जात टिकते ती कामामुळे. फौज गेली तेव्हा वाडा होता. वाडा गेला तर?

इंजिनिअरच्या डोक्यात एक प्लॅन आहे. शहरातल्या रायडिंग स्कूलमध्ये बऱ्याचदा रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. उंच, तापट, वेगासाठी जन्मलेले. त्यांच्यावर आठ वर्षांची पोरं बसवतात. खरं तर मुलांसाठी जगभर तट्टंच वापरतात. स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत १४८ सेंटिमीटरपर्यंतचा घोडा तट्टू धरतात. भीमथडी त्यात आरामात बसतं. ज्या पाठीवर धनगरांची पोरं झोपून कोकणात उतरली, ती पाठ कोथरूडच्या पोरांना जड जाणार आहे का? रायडिंग, माळावरचे ट्रेक, लांब पल्ल्याची रपेट. कामं आहेत. फक्त त्यासाठी सवय केलेली, शांत तट्टं हवीत, ती तयार करायला तीन-चार वर्षं हवीत आणि तोवर कर्जाचा हप्ता थांबत नाही.

एक सूचना, कारण हे वाचून काहींच्या डोक्यात किडा वळवळला असणारच. 'सव्वाचार फुटांचा तर आहे, सोसायटीच्या मागं ठेवू' असं मनातही आणू नका. तट्टू कळपात राहतं, एकटं झुरतं. ते सहज पंचवीसेक वर्षं जगतं. त्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेतू शकतो. धनुर्वाताची लस चुकवून चालत नाही. सारा आणि ग्लँडर्ससारखे आजार असतात; ग्लँडर्स तर माणसालाही होऊ शकतो. घोड्याचा अनुभव असलेला डॉक्टर जवळ नसेल तर नादाला लागू नका. मदत करायचीच असेल तर पाळणाऱ्याकडे जा, पैसे देऊन शिका, पोरांना नेऊन बसवा. त्याच्या जनावराला काम द्या.

चौदा किलोमीटर

दुपारी अण्णा बराच वेळ हिवराखाली बसले होते. चहाच्या वेळी उठून त्यांनी निर्णय सांगितला. तो सिनेमातला नव्हता, घरातला होता. लांब पायांची दुसरी घोडी मारवाडीकडे जाईल, कारण बोअरचं कर्ज खोटं नाही. चिमणी मात्र भीमथडीलाच. चौदा किलोमीटरवरच्या वस्तीवर एका मेंढपाळाकडे चांगला नर आहे, त्याच्या आईला अण्णांनी पंधरा वर्षं पाहिलं आहे.

'तिच्या पोटचं आक्काला देऊ,' ते म्हणाले. मग मुलाकडे न बघता, 'त्याच्या पुढचं तुझ्या शाळंला.'

घोडी टेंपोतून न्यायची का, असं मी विचारलं. तिघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढं काही बोललो नाही.

सोमवारी पहाटे आम्ही निघालो. (हेच ते फॅमिली फंक्शन.) पुढं इंजिनिअर, हातात दोर. मागं चिमणी, तिला चिकटून शिंगरू, सर्वांत शेवटी ब्रँडेड ट्रेकिंग शूज घातलेला मी. सातव्या किलोमीटरला माझ्या टाचेला फोड आला. नवव्याला मी पाणी मागितलं. चिमणी एका लयीत चालत होती, मध्येच गवताचा घास तोडत, शिंगरू मागं राहिलं तर कान वळवून. एकदाही थांबली नाही. वाटेत इंजिनिअरला ऑफिसमधून फोन आला, काहीतरी रखडलं होतं. पलीकडून आलेला प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला आणि आम्ही दोघंही रस्त्यात पोट धरून हसत सुटलो.

चिमणी तिथं आठवडाभर राहिली. दिलेल्या नराचे पैसे त्या मेंढपाळानं घेतले नाहीत. पुढंमागं त्याला एक मादी शिंगरू हवंय, एवढंच बोलून ठेवलं. इंजिनिअरनं ते वहीत लिहिलं.

ऑगस्टच्या शेवटी एका स्टेटस कॉलमध्ये असताना माझ्या मोबाइलवर फोटो आला. सोनोग्राफीचा. राखाडी धुरकट पडद्यावर हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा काळा ठिपका.

'काय आहे हे?' शेजारच्या खुर्चीतून मान लांबवत कलीगनं विचारलं.

'घोडं,' मी म्हटलं. 'पुढच्या आषाढात येतंय.'